गाडी डोलते: १२५ सीसीच्या टायरांच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४

आजपासून लिहून ठेवतोय, कारण गेल्या दोन महिन्यांत या गाडीला काय काय केलं ते आता मलाच धड आठवत नाही.

गाडी १२५ सीसी, स्पोकची चाकं, दोन्हीकडे १८ इंची रिम, पुढे डिस्क, मागे ड्रम. जुनी घेतलेली. तक्रार अशी की ५५-६० च्या पुढे लांब वळणात मागचा भाग डोलायला लागतो. थरथर नव्हे, संथ डोलणं, सेकंदाला दोन-तीनदा. हळू चालवताना वेगळंच दुखणं: हँडल जड लागतं, वळायला गाडी नाखूश असते, आणि जरा झोपवली की एकदम आत पडल्यासारखी होते. रस्त्याला लांबीच्या दिशेने चर असला की पुढचं चाक त्यात शिरतं आणि बाहेर यायला तयार नसतं.

आतापर्यंतचे उपाय: कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) बदलला, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश बदलले, मागचे शॉकॲब्सॉर्बर एक खाच घट्ट केले. फरक काही नाही. जुना कोनसेट काढल्यावर ठणठणीत निघाला होता. तिथेच थांबून विचार करायला हवा होता, पण हातात पाना असला की डोकं चालत नाही.

आता टायर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर तीच फेरी. हा नियम मोडला तर नोंदी ठेवण्यात अर्थ नाही.

५ ऑगस्ट

टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, काय लिहिलंय ते पहिल्यांदाच सगळं वाचलं. चिखल घासून काढावा लागला.

पुढे २.७५-१८, ४२पी. म्हणजे पावणेतीन इंच, साधारण ७० मिलीमीटर रुंदी. ४२ हा वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ १५० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. हा टायर कंपनीने दिलेल्या मापाचा आहे.

मागे १००/९०-१८, ५६पी. म्हणजे १०० मिलीमीटर रुंद, उंची रुंदीच्या ९० टक्के. इथे मात्र कंपनीचं माप ३.००-१८ आहे, म्हणजे ७६ मिलीमीटर. आधीच्या मालकाने जाड टायर बसवून घेतलाय. मागून गाडी भरदार दिसते हे कबूल. मीही घेताना त्यावरच भाळलो होतो.

गालावर ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याची तारीख: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागे ४०२१, म्हणजे २०२१ चा चाळिसावा आठवडा. पुढे २३१५. दोनदा पुसून पाहिलं. २०१५ चा तेविसावा आठवडा. पुढचा टायर नऊ वर्षांचा आहे, आणि त्याची नक्षी अजून ३ मिलीमीटर शिल्लक आहे. गाडी बहुधा बरीच वर्षं उभी होती.

७ ऑगस्ट

थंड टायरचा दाब: पुढे १७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), मागे ४१.

गाडीच्या स्टिकरवर लिहिलंय पुढे २५, मागे एकट्याला २८, मागे माणूस असेल तर ३३. म्हणजे पुढचा टायर अर्धवट बसलेला आणि मागचा फुगून दगड झालेला. पंपावर हवा भरताना मी दोन्ही वेळा मान डोलावून निघालो होतो. माझं गेज आणि उसनी आणलेली आणखी दोन गेज एकाच व्हॉल्व्हवर लावून पाहिली. तिघांत मिळून ४ पीएसआयचा फरक. दोन गेज जवळपास सारखी बोलतात, त्यांतलं एक यापुढे कायमचं. ते अचूक असेल-नसेल, निदान रोज एकच खोटं सांगेल.

दाब थंड टायरचाच का मोजायचा याचं गणित करून पाहिलं. २७ अंशाला २८ पीएसआय भरली आणि चालून टायर ५७ अंशांवर गेला, तर वातावरणाचा दाब धरून हिशेब केल्यावर गेज सुमारे ३२ दाखवतं. गरम टायरमधून तो ‘जादा’ दाब काढून टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. माझ्या पुढच्या टायरचं असंच झालं असावं का? नाही, ८ पीएसआय इतक्याने जात नाहीत. तिथे निव्वळ दुर्लक्ष आहे.

८ ऑगस्ट

आज मजा आली. गाडी मेन स्टँडवर घेतली, मागच्या टायरच्या एका भागाला शिक्क्याच्या पॅडची शाई लावली, खाली आलेखाचा कागद ठेवला आणि गाडी अलगद खाली उतरवली. भावाने हँडल धरलं, मी बसलो, पाय वर घेतले, पुन्हा उठलो. कागदावर टायरचा ठसा. मग चौकोन मोजले.

आधी वजनकाटा मागच्या चाकाखाली आणि तेवढ्याच उंचीची फळी पुढच्या चाकाखाली ठेवून मागच्या चाकावरचा भार काढला होता: मी बसलेलो असताना ११० किलो.

दाब ४१: ठसा ३६ चौरस सेंटीमीटर.
दाब २८: ५० चौरस सेंटीमीटर.
दाब २०: ६४ चौरस सेंटीमीटर.

नुसतं भार भागिले दाब केलं तर अनुक्रमे ३८, ५६ आणि ७८ यायला हवेत. मोजलेले आकडे त्याहून कमी, आणि हवा कमी होईल तसा फरक वाढत जातो. कारण टायरचे गाल स्वतःही काही भार उचलतात, आणि हवा उतरली की त्यांचा वाटा वाढतो. मग ते वाकतात, घासतात, तापतात.

माझी समजूत होती की जाड टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर. ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवा ठरवते, रुंदी फक्त त्याचा आकार बदलते. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा. आणि क्षेत्रफळ म्हणाल तर ५० चौरस सेंटीमीटर म्हणजे माझा तळवा, तोही बोटं सोडून. कागद भिंतीवर लावलाय. ६० च्या वेगाने जाताना मागे एवढंच टेकलेलं असतं, आणि पुढे याहूनही कमी.

भाऊ ठसा बघून म्हणाला, “दादा, हा ठसा चौकोनी का आलाय? सायकलचा लांबट गोल येतो.” प्रश्न बरोबर आहे. त्यावर पुढे लिहीन.

११ ऑगस्ट

फक्त हवा बदलली. पुढे २५, मागे २८. तीच फेरी.

हँडल हलकं झालं, लगेच कळण्याइतकं. चरात शिरण्याचा हट्ट बराच कमी. खडबडीत रस्त्यावर मागचं चाक उड्या मारत होतं ते थांबलं. ५५ च्या पुढचं डोलणं मात्र तसंच, उलट किंचित जास्त. म्हणजे ४१ पीएसआयने ते डोलणं थोडं दाबून ठेवलं होतं. बहुतेक आधीच्या मालकालाही ते जाणवलं असणार आणि त्याने हवेवर उपाय काढला असणार.

मोकळ्या पटांगणात ब्रेकची चाचणीही घेऊन ठेवली, पुढे तुलनेला लागेल. कोरडा डांबरी पृष्ठभाग, मीटरवर ४०, दोन्ही ब्रेक, खडूच्या रेघेपासून. पाच वेळांची सरासरी १०.४ मीटर. चौथ्या वेळी पुढचं चाक क्षणभर लॉक झालं आणि पोटात गोळा आला. ब्रेक काही फार जोरात दाबला नव्हता.

१४ ऑगस्ट

चौकोनी ठशाचा उलगडा.

पुठ्ठा कापून मागच्या टायरच्या आडव्या छेदाचा साचा केला. गोल असायला हवा तिथे मधोमध ५५ मिलीमीटरची सपाट पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना चक्क कोपरे. टायर गोटा झालेला नाही, नक्षी आहे, पण त्याची गोलाई गेलीय.

मोटरसायकल वळते ती मुख्यतः झुकून. झुकलेलं गोल चाक स्वतःच आतल्या बाजूला रेटा देतं. नाणं कललं की त्या बाजूला वळतं, तसं. हा रेटा झुकाव वाढेल तसा सारखा वाढत गेला तर गाडी हाताला शहाणी लागते. माझ्या टायरवर काय होतं? सरळ जाताना सपाट पट्टीवर उभा, त्यामुळे झुकायला नाखूश. जोर लावून झुकवला की कोपऱ्यावर चढतो, आणि कोपरा ओलांडला की पलीकडच्या उतारावर घसरतो. ‘एकदम आत पडल्यासारखी’ ते हेच. मी दोन महिने हे कोनसेटमध्ये शोधत होतो.

आता डोलणं. रिमवर कोरलंय १८ × १.८५. १००/९० चा टायर २.१५ ते २.७५ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. तो १.८५ वर बसवला की दोन्ही बीड, म्हणजे टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडा, जवळ येतात, गाल फुगतात आणि माथा टोकदार होतो. टोकदार माथा सरळ रस्त्यावर लवकर झिजून सपाट होतो, आणि अरुंद पायावर उभे असलेले फुगीर गाल आडव्या दाबाखाली डुलतात. गाडी स्टँडवर घेऊन रिम एका हाताने धरली आणि टायरचा माथा दुसऱ्या हाताने आडवा ढकलला. डोळ्यांना दिसेल इतका सरकला. पुढचा एवढा सरकत नाही. जाड टायर घालून मागचं चाक रबराच्या उशीवर ठेवलंय.

जाड टायरवर आणखी दोन आरोप केले जातात. तेही तपासले.

एक: जाड टायरवर तेच वळण घ्यायला जास्त झुकावं लागतं. खरं आहे, कारण झुकल्यावर टेकण्याची जागा मधल्या रेषेपासून आत सरकते. ताशी ४० आणि २५ मीटर त्रिज्येच्या वळणाला सुमारे २७ अंश झुकाव लागतो. टायरच्या जाडीमुळे त्यावर थोडी भर पडते. माझ्या दोन मापांच्या भरीत फरक निघतो अर्ध्या अंशाचा. लोक सांगतात तेवढं भयंकर नाही.

दोन: भूमिती बिघडते. नवा असताना १००/९०-१८ चा व्यास सुमारे ६३७ मिलीमीटर, ३.००-१८ चा सुमारे ६१८. म्हणजे मागची बाजू साधारण १० मिलीमीटर उचलली जाते. दोन चाकांतलं अंतर १२६० धरलं तर पुढच्या फोर्कचा कल जवळजवळ अर्ध्या अंशाने उभा होतो आणि ट्रेल (हँडलचा आस जमिनीला जिथे भिडेल तिथपासून चाक टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर) ३ मिलीमीटरने घटते. ट्रेल घटली की हँडल चंचल होतं. हेही एकट्याने गाडी बिघडवणारं नाही, पण डुलणाऱ्या गालांच्या सोबतीला आलं की जाणवत असणार.

थोडक्यात मुख्य गुन्हेगार रिम आणि टायरची विजोड जोडी, साथीदार चौकोनी माथा.

१७ ऑगस्ट

मामाकडे ड्युरोमीटर आहे, रबराचा कठीणपणा मोजायचा. एक बोथट सुई रबरात दाबली जाते, ती जितकी कमी शिरेल तितका आकडा मोठा. शोर ए मापात ० ते १००.

मागचा टायर ७०. पुढचा ८२. मामाकडे एक न वापरलेला टायर पडून होता, तो ६३.

मामाने पुढच्या टायरवर नख रुतवून पाहिलं, रुतलं नाही. “अरे, याची नक्षी बघून काय करतोस? हा आता रबर नाही, पट्टा झालाय मशीनचा.”

“पण ३ मिलीमीटर शिल्लक आहे मामा. झीज दाखवणारी खूण तर फार खाली आहे.” ती खूण म्हणजे खाचेच्या तळाशी ठेवलेला उंचवटा. मोटरसायकलच्या टायरात तो सहसा ०.८ मिलीमीटर उंच असतो, आणि गालावर जिथे टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असेल तिथून सरळ वर पाहिलं की सापडतो.

“ती खूण झिजेची. म्हाताऱ्याचे दात शाबूत असले म्हणून तो तरुण होतो का?”

ऑक्सिजन आणि ऊन यांनी रबराच्या साखळ्या जास्त जखडल्या जातात, रबर मऊ ठेवणारं तेल हळूहळू निघून जातं. टायर चालला नाही तरी हे थांबत नाही. खाचांच्या तळाशी बारीक भेगाही दिसल्या, भिंगाशिवाय दिसतील अशा. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांभोवती बसतं, कठीण रबर त्यांच्या टोकांवरून सरकतं. परवाचं पुढचं चाक क्षणात लॉक का झालं ते यात आलं.

आता शंका अशी की मऊच हवं, तर खेळाच्या गाड्यांचा अगदी मऊ टायर का घेऊ नये? कारण ते रबर एका ठरावीक तापमानाला येऊन पकडतं, आणि १२५ सीसीची हलकी गाडी गल्लीबोळांत फिरून त्याला तेवढं तापवूच शकत नाही. छोट्या गाडीचा टायर थंडीत, ओल्यात, पहिल्याच वळणावर पकडणारा हवा.

२१ ऑगस्ट

टायर ठरले. पुढे २.७५-१८, मागे ३.००-१८, एकाच कंपनीचे, एकाच जोडीतले, ट्यूबचे. स्पोकच्या रिमला भोकं असतात, तिथे ट्यूबलेसचा विचार सोडला. ट्यूबचा तोटा माहीत आहे: खिळा घुसला की हवा एकदम जाते, ट्यूबलेसमध्ये हळू जाते. म्हणून ट्यूब नव्या आणि चांगल्या. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवरच फाटते.

खडबडीत ठोकळ्यांचा टायर घ्यायची भावाची सूचना फेटाळली. डांबरावर ठोकळे वाकतात आणि पुन्हा डोलणं आलंच.

२५ ऑगस्ट

बसवले. अख्खा दिवस गेला, त्यातला निम्मा माझ्या चुकीमुळे.

मागचं चाक आधी. जुना टायर काढल्यावर रिमची पट्टी गंजाने खाल्लेली दिसली आणि एका स्पोकचं टोक निप्पलच्या (स्पोक आवळणाऱ्या छोट्या नटच्या) वर दीड मिलीमीटर आलेलं. कानशीने घासून सपाट केलं, नवी रबरी पट्टी घातली. हे टोक ट्यूबला कधी ना कधी भोसकणारच होतं.

गालावरचा बाण बघून दिशा ठरवली. पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी. ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू, आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे भरून काढतं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला नुसता गोल आकार दिला, टॅल्कम पावडर लावली, आत सारली. पहिली बाजू हाताने चढली. दुसरी बाजू तीन चतुर्थांश चढली आणि अडली. लिव्हर घातली, जोर लावला. टायर चढला. हवा भरली. फुस्स.

नव्या ट्यूबला सापाने दंश केल्यासारखी दोन भोकं. लिव्हर आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली.

जोर लागतोय म्हणजे कुठेतरी चुकतंय हे पुस्तकी वाक्य आहे, पण तेव्हा घाम डोळ्यात जात होता. चूक कुठे होती ते दुसऱ्या खेपेला कळलं. रिमच्या आत मधोमध खोलगट पन्हाळ असते. शेवटचा भाग चढवताना समोरच्या बाजूचा बीड त्या पन्हाळीत ढकलून ठेवला की तेवढी ढील मिळते. मी समोरच्या बाजूवर गुडघा ठेवायला विसरलो होतो, त्यामुळे तो बीड वरच अडकला होता. यावेळी सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून केली, शेवट व्हॉल्व्हपाशी, दोन्ही गुडघे टायरवर, बीडला साबणाचं पाणी. शेवटचा वीतभर भाग तळहाताने चढला. लिव्हर लागलीच नाही.

हवा भरताना बीड बसल्याचे दोन आवाज आले पाहिजेत: टक्, टक्. एकच आला. रिमच्या कडेला समांतर अशी एक बारीक रेघ टायरच्या गालावर असते. ती एका बाजूला रिमपासून ४ मिलीमीटरवर होती, समोर बुडालेली. असाच चालवला असता तर चाक दर फेऱ्याला उसळलं असतं आणि मी पुन्हा बुश बदलत बसलो असतो. हवा सोडली, पुन्हा साबणपाणी, टायर जमिनीवर दोन-चारदा आपटून फिरवला, पुन्हा भरली. दुसरा टक् आला. रेघ चौफेर सारखी.

व्हॉल्व्हची नट रिमवर आवळली नाही, टोपीकडे वर फिरवून ठेवली. ट्यूब रिमवर सरकली तर व्हॉल्व्ह तिरका दिसेल आणि आधीच कळेल. नट आवळलेली असली तर व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो.

पुढचं चाक चाळीस मिनिटांत झालं.

२६ ऑगस्ट

दोन्ही चाकं आसावर सैल फिरवून तोल बघितला. मागचं ठीक. पुढचं दर वेळी एकाच जागी थांबतं, समोरच्या स्पोकला २० ग्रॅमचं शिसं लावल्यावर कुठेही थांबायला लागलं.

मग दोरी लावून चाकांची रेषा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी पुढे ताणली. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या, पण दोरी सांगते चाक डावीकडे ३ मिलीमीटर वाकडं. दोरीवर विश्वास ठेवला.

३० ऑगस्ट

१२० किलोमीटर झाले. नव्या टायरचा माथा साच्यातून निघालेला, गुळगुळीत, चकचकीत. पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवायचे, झुकाव रोज थोडा वाढवायचा. मधला भाग आता मॅट झालाय, कडा अजून चमकतात.

डोलणं नाही. ६५ पर्यंत तरी नाही. आठवडाभर थांबून मगच खूश होणार.

१ सप्टेंबर

तीच फेरी, तेच पटांगण, हवा २५ आणि २८.

लांब वळणात ७० ला गाडी रेषेवर. हळू वळताना हँडलला नुसता इशारा पुरतो, झुकाव सलग वाढतो, मध्ये कोपरा लागत नाही. इंग्रजी आठचा आकडा काढताना आधी पाय टेकावा लागायचा, आज सहा वेळा काढला, एकदाही टेकला नाही.

ब्रेक: मीटरवर ४०, पाच वेळांची सरासरी ८.९ मीटर. आधी १०.४. यात माझा हात धीट झाल्याचा वाटा आहेच, कारण पुढचं चाक आता लॉक होण्याची भीती वाटत नाही. पण ती भीतीसुद्धा टायरनेच घातलेली होती.

दीड मीटरने काय होतं, असं भावाने विचारलं. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ६० ला हेच आकडे सव्वादोनपट, म्हणजे २० मीटर आणि २३.४ मीटर. जिथे आजची गाडी पूर्ण थांबते, तिथे जुन्या टायरची गाडी अजून ताशी सुमारे २३ किलोमीटरने जात असते. पळत जाऊन भिंतीवर आदळल्यासारखं. भाऊ गप्प झाला, आणि मग म्हणाला, “माझ्या गाडीचा कधीचा आहे बघूया.” त्याचा २०१७ निघाला.

७ सप्टेंबर

पाऊस. हवाच होता.

पाण्यावर टायर तरंगण्याचा वेग काढायचं एक सूत्र १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर काम करून दिलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ, गुणिले साधारण १६.७, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. २५ पीएसआयला ८३ येतात, माझ्या जुन्या १७ ला ६९. विमानाचा टायर सपाट माथ्याचा. मोटरसायकलचा गोल माथा पाण्याला नावेच्या नाकासारखा बाजूला सारतो, त्यामुळे त्याला तरंगवणं अधिक अवघड. चौकोनी झालेला माथा मात्र नावेचं नाक सोडून फळीसारखा होतो, हे आज लक्षात आलं.

छोट्या गाडीला पावसात खरं घाबरवतं ते वेगळं: रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं, बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पहिल्या सरीत वर आलेलं तेल, ओली माती. तिथे नक्षीही फारशी कामाची नाही, कारण पाणी काढून टाकलं तरी खाली पकडायला खडबडीतपणाच नसतो. मदत होते ती मऊ रबराची आणि सरळ उभं राहून पार होण्याची. पकड एकाच पिशवीतली असते, ब्रेकने ८० टक्के खाल्ली तर वळायला ६० टक्केच उरते. पांढऱ्या पट्ट्यावर पिशवीच लहान होते, म्हणून तिथे दोन्ही मागायचं नाही. आज एकदा मागितलं. मागचं चाक वीतभर सरकलं, पट्टा संपताच पुन्हा धरलं. जुन्या टायरवर असं सरकल्यावर परत धरण्याची खात्री नव्हती.

१५ सप्टेंबर

भाऊ मागे. हवा मुद्दाम न वाढवता २८ वर ठेवली. पन्नासच्या पुढे पहिल्याच वळणात मागून आवाज आला, “दादा, गाडी पोहतेय!” तेच जुनं संथ डोलणं, नव्या टायरवर. थांबलो, पायपंपाने मागे ३३ केली. तेच वळण, तोच वेग, काही नाही.

मागे बसलेल्या माणसाचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर जातं. ६० किलो वाढले तर ११० चे १६५ च्या आसपास होतात. टायरची क्षमता १७५ किलो, पण ती पूर्ण दाबाला. २८ वर गाल पुन्हा डुलतात. योग्य मापाचा टायर घेतला म्हणजे हवेकडे बघायचं नाही असं होत नाही.

२२ सप्टेंबर

साप्ताहिक तपासणी, सकाळी, थंड टायर. मागे ३३, पुढे २१. आठवड्यात ४ पीएसआय, हे फार झालं. चांगली ट्यूब महिन्यात एखाद-दोन पीएसआयहून जास्त सोडत नाही.

खिळा नाही, काच नाही, व्हॉल्व्ह सरळ. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बघितली. मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, दुसरा आला. कोर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली छोटी झडप, पाव फेरा आवळला, बुडबुडा थांबला. टोपीही लावली, ती पहिल्या दिवसापासून खिशातच होती.

पुढे २५ भरली. पुढच्या रविवारी पुन्हा बघायचं.